दहावीचा भूगोल: प्रीतिसंगमापासून ब्राझीलपर्यंत

कराडच्या एका आईने विचारलं आहे: "मुलगी यंदा दहावीत. गणित-विज्ञानात नेहमी पुढे असते, पण नववीच्या वार्षिक परीक्षेत भूगोलात 40 पैकी 19 मिळाले. रात्री पाठ करते, सकाळी घडाघडा म्हणून दाखवते आणि पेपरात सगळं एकमेकांत मिसळून टाकते. ब्राझीलचं तर नावही नको म्हणते. भूगोलाला रोज किती वेळ द्यायचा? क्लास लावायचा का? आणि खरं सांगा, पुढे या विषयाचा काही उपयोग आहे का?"

ताई, मी सातारा जिल्ह्यात सव्वीस वर्षं आठवी ते दहावीला भूगोल शिकवते आणि बोर्डाच्या उत्तरपत्रिकाही पुष्कळ तपासल्या आहेत. तुम्ही लिहिलंय तशी मुलं दर वर्षी भेटतात. लेक कष्टात कमी पडत नाही. ती हवामान वेगळं पाठ करते, वनस्पती वेगळ्या, लोकसंख्या वेगळी, आणि प्रत्येक धडा वेगळ्या डब्यात भरून ठेवते. पेपरात डबे सांडतात. "हे इथेच का?" या एका प्रश्नाने सगळे धडे एकमेकांना बांधलेले असतात. तो प्रश्न तिला विचारता आला की पाठांतराचं ओझं निम्म्याने उतरतं.

हे मला स्वतःलाही उशिराच कळलं. पहिली पाच-सहा वर्षं मी फळ्यावर प्रश्नोत्तरं लिहून द्यायचे आणि मुलं ती सुंदर अक्षरात उतरवून घ्यायची. एकदा माण तालुक्यातल्या एका गावाहून आमच्याकडे आलेल्या मुलाला मी पर्जन्यछायेचा प्रदेश (डोंगराआडचा कमी पावसाचा भाग) म्हणजे काय ते विचारलं. त्याने व्याख्या एका शब्दाचीही चूक न करता म्हटली. मग सहज विचारलं, "तुमच्या गावाला पाऊस कमी का रे पडतो?" तो गप्प. थोड्या वेळाने म्हणाला, "बाई, आमच्याकडं पहिल्यापासूनच दुष्काळ आहे." ज्या प्रदेशात तो जन्मला, वाढला, ज्या प्रदेशात त्याची आई टँकरच्या रांगेत उभी राहायची, त्याच प्रदेशाची व्याख्या तो म्हणत होता, आणि मी त्याला ते कळू दिलं नव्हतं. त्या दिवसापासून मी प्रश्नोत्तरं लिहून देणं बंद केलं.

तुम्ही कराडला राहता. भूगोल शिकायला यापेक्षा चांगली जागा मला सुचवता येणार नाही. एखाद्या संध्याकाळी लेकीला प्रीतिसंगमावर घेऊन जा, जाताना जिल्ह्याचा नकाशा सोबत ठेवा. तिथे भेटणाऱ्या कृष्णा आणि कोयना या दोन्ही नद्या महाबळेश्वरला उगम पावतात. कृष्णा पूर्वेकडे उतरते, वाईवरून वाहते, साताऱ्याजवळ संगम माहुलीला वेण्णेला सोबत घेते आणि उत्तरेकडून कराडला येते. कोयना मात्र सह्याद्रीच्या मुख्य रांगेला खेटून साठ-पासष्ट किलोमीटर सरळ दक्षिणेला जाते, हेळवाकजवळ एकदम पूर्वेला वळते आणि पाटणवरून कराडला पोहोचते. एकाच डोंगरावरून निघालेल्या दोघी वेगवेगळ्या खोऱ्यांतून फिरून इथे जवळजवळ समोरासमोर भिडतात.

आता प्रश्न सुरू करा. मोठं धरण कोयनेवरच का? कोयनानगरला वर्षाला सुमारे पाच हजार मिलिमीटर पाऊस पडतो. तिथून तुमचं घर साठेक किलोमीटरवर, आणि कराडचा पाऊस जेमतेम सातशे. अरबी समुद्रावरून येणारे बाष्पाचे वारे सह्याद्रीला अडतात, वर चढतात, थंड होतात आणि घाटमाथ्यावर रिकामे होतात. हा प्रतिरोध पाऊस. पूर्वेला उतरणाऱ्या वाऱ्यात बाष्प कमी उरतं, शिवाय उतरताना हवा तापते. म्हणून कराडला ऊस पिकतो तो नदीच्या आणि धरणाच्या पाण्यावर, आणि पुढे खटाव-माणला गेलात की ज्वारी-बाजरी आणि मेंढरं.

मग पुढचा प्रश्न. कोयनेचं पाणी पूर्वेला वाहत असताना वीजघर पश्चिमेला, पोफळीला का? कारण सह्याद्री पूर्वेकडे हळूहळू उतरतो आणि पश्चिमेकडे कड्यासारखा तुटतो. बोगद्यातून पाणी पलीकडे नेलं की त्याला साडेचारशे मीटरहून जास्त खोल पडायला मिळतं, आणि वीज त्या पडण्यातून होते. ते पाणी पुढे वाशिष्ठीतून चिपळूणकडे आणि अरबी समुद्राला जातं. म्हणजे बंगालच्या उपसागराला जाणारं पाणी माणसाने उलट दिशेला वळवलं. किती वळवायचं यावर कृष्णा पाणीवाटप लवादाने 67.5 टीएमसीची (टीएमसी म्हणजे एक अब्ज घनफूट पाणी) मर्यादा घातली, कारण खाली कर्नाटक आणि आंध्रही त्याच नदीवर जगतात. पाहा, एका नदीत प्राकृतिक रचना, हवामान, शेती, ऊर्जा आणि राज्यांमधले तंटे सगळं आलं. पुस्तकात हेच पाच वेगळ्या धड्यांत विखुरलेलं असतं.

आणखी एक प्रश्न तिला नक्की विचारा, मात्र उत्तर लगेच सांगू नका. कृष्णेचा उगम अरबी समुद्रापासून अवघ्या 64 किलोमीटरवर आहे, तरी ती 1400 किलोमीटर चालून बंगालच्या उपसागराला का जाते? त्याच महाबळेश्वरची सावित्री मात्र पश्चिमेला उतरून बाणकोटच्या खाडीला मिळते. दख्खनचं पठार पूर्वेकडे कललेलं आहे, हे तिचं तिला सुचलं तर ती ते आयुष्यभर विसरणार नाही. सुचायला दोन दिवस लागले तरी लागू द्या.

जमलं तर सुट्टीत एसटीने कुंभार्ली घाट उतरून चिपळूणला जाऊन या. दहावीच्या पुस्तकातला पहिलाच धडा क्षेत्रभेटीचा आहे आणि बहुतेक मुलं तो घरात बसून पाठ करतात. तिच्या हातात वही द्या. कराड, पाटण, कोयनानगर, घाटाचं तोंड, चिपळूण, एवढ्या पाच ठिकाणी तिने मातीचा रंग, पीक, घराचं छप्पर आणि वस्ती एकवटलेली की विखुरलेली, एवढंच लिहायचं. काळी माती तांबडी कुठे झाली? ऊस संपून भात कुठे लागला? छपरांचा उतार कुठे वाढला? असाच दुसरा प्रवास विट्याच्या बाजूला करा आणि दोन्ही पानं शेजारी ठेवा. केंद्रित वस्ती आणि विखुरलेली वस्ती यांतला फरक तिला मग कधीच पाठ करावा लागणार नाही. सपाट प्रदेशात पाणी मोजक्या जागी असतं, म्हणून घरं विहिरीभोवती गोळा होतात. डोंगरात झरे जागोजागी आणि सपाट जमीन तुकड्या-तुकड्यांत, म्हणून वाड्या विखुरतात.

आता ब्राझील. 2018 पासून दहावीच्या पुस्तकात भारत आणि ब्राझील यांची तुलना आहे. पालक वैतागतात, इतक्या लांबचा देश कशाला म्हणतात. मला मात्र ही निवड आवडते, कारण आपल्या अंगणात शिकलेलं दुसरीकडे लावून बघता येतं. ब्राझीलच्या पूर्व किनाऱ्यालगत एक उंच कडा आहे, पुस्तकात त्याला अजस्र कडा म्हटलंय. अटलांटिकवरून येणारे आग्नेय व्यापारी वारे तिथे अडतात, किनाऱ्यावर पाऊस देतात आणि मागचा ईशान्येकडचा भाग कोरडा राहतो. तोच अवर्षण चतुष्कोन. तुमच्या लेकीला कळेल अशा शब्दांत सांगायचं तर तो ब्राझीलचा माण-खटाव. इथे नैऋत्येचा वारा, तिथे आग्नेयेचा. इथे सह्याद्री, तिथे अजस्र कडा. गोष्ट एकच. त्या कोरड्या भागातूनही साओ फ्रान्सिस्को नावाची मोठी नदी वाहते, कारण तिचा उगम दक्षिणेकडच्या जास्त पावसाच्या उच्चभूमीत आहे. आपली कृष्णा अशीच घाटाचं पाणी घेऊन कोरड्या मुलखातून जाते. उलट माणगंगा कोरड्या मुलखातच जन्मते, म्हणून बहुतेक वर्षभर तिच्या पात्रात वाळूच दिसते.

फरकही असाच शोधायचा. विषुववृत्त ब्राझीलच्या उत्तर भागातून जातं, अॅमेझॉनच्या मुखाजवळून. तिथे सूर्य वर्षभर जवळजवळ डोक्यावर, म्हणून रोज हवा तापते, वर जाते आणि दुपारनंतर कोसळते. हा आरोह पाऊस. मुलांना तो लांबचा वाटतो, पण आपल्याकडे एप्रिल-मेमध्ये दुपारी ढग दाटून येतात आणि वळीव पडतो, त्यामागेही तापून वर चढणारी हवाच असते. तसा वळीव वर्षभर पडत राहिला तर कसलं रान वाढेल, हे तिला विचारा. सदाहरित वनं तिची तीच सांगेल. अॅमेझॉनच्या खोऱ्यातल्या मनौस शहरात जानेवारी आणि जुलैच्या तापमानात फारसा फरक का नसतो, तेही त्यातच आलं. एक सावधगिरी मात्र पक्की हवी. ब्राझीलचा मोठा भाग दक्षिण गोलार्धात आहे, म्हणून तिथला जुलै हिवाळ्याचा. तापमानाचा आलेख वाचताना ही गोष्ट विसरून गुण घालवणारी मुलं मी ढिगाने पाहिली आहेत.

भौगोलिक कारणांच्या प्रश्नाला प्रत्येकी 3 गुण असतात आणि चारपैकी दोन लिहायची असतात. तपासताना दिसतं की मुलं एकच मुद्दा तीन वाक्यांत फिरवून लिहितात. उदाहरणादाखल ब्राझीलमध्ये नियमित हिमवर्षाव होत नाही, याचं कारण घ्या. "तिथे हवामान उष्ण आहे म्हणून" असं लिहून बरीच मुलं थांबतात. परीक्षकाला साखळी हवी असते. देशाचा बहुतेक भाग विषुववृत्त आणि मकरवृत्त यांच्यामध्ये, म्हणून सूर्यकिरण वर्षभर बरेचसे लंबरूप, म्हणून तापमान जास्त. हिमालयासारखे उंच पर्वत नाहीत, म्हणून उंचीमुळे येणारी थंडीही नाही. फक्त दक्षिणेकडच्या उच्चभूमीत, दक्षिण ध्रुवाकडून थंड वारे आले तर, क्वचित हिम पडतं. स्थान, उंची, वारे, आणि शेवटी परिणाम. प्रत्येक वाक्यानंतर तिने स्वतःला "मग काय होतं?" असं विचारावं आणि उत्तर प्रश्नातल्या वाक्यापर्यंत पोहोचलं की पेन थांबवावं. चार-पाच ओळी पुरतात.

आता गुणांचा हिशोब, कारण तोही महत्त्वाचा आहे. 40 गुणांच्या पेपरात नकाशाला 8 आहेत: 4 आराखड्यात दाखवायला, 4 दिलेला नकाशा वाचायला. आलेखाला 6. हे 14 गुण पाठांतराने मिळत नाहीत आणि पाठांतर नसल्यामुळे जातही नाहीत. सरावाच्या मुलीला ते जवळजवळ पूर्ण मिळतात. आराखड्यात चिन्ह आणि नाव दोन्ही हवं, सूची काढायलाच हवी, आणि सूचीतलं चिन्ह नकाशातल्या चिन्हासारखंच हवं. नदी दाखवताना ती समुद्रापर्यंत न्यायची, मध्येच सोडायची नाही. दिलेला नकाशा वाचताना उत्तर नकाशातूनच द्यायचं. पुस्तकात दहा नावं पाठ असली तरी प्रश्न त्या नकाशात काय दिसतं हाच असतो. आलेखाला शीर्षक, दोन्ही अक्षांची नावं, एकक आणि प्रमाण. आकडे बरोबर आणि प्रमाण लिहिलेलं नाही, अशी आलेखपत्रं तपासताना मला खरोखर हळहळ वाटते.

नकाशाची सवय रोज दहा मिनिटांत लागते. भारताचा आराखडा घ्यायचा, आधी कर्कवृत्त ओढायचं. गुजरात, राजस्थान, मध्य प्रदेश, छत्तीसगड, झारखंड, पश्चिम बंगाल, त्रिपुरा, मिझोराम, असं बोटाने पश्चिमेकडून पूर्वेकडे जायचं. ब्राझीलच्या आराखड्यात विषुववृत्त आणि मकरवृत्त. मकरवृत्त साओ पावलोजवळून जातं हे लक्षात ठेवलं की बाकीची शहरं त्याच्या वर-खाली बसतात. मग नद्या, मग डोंगर, शहरं सगळ्यात शेवटी. आदल्या दिवशी चुकलेलं ठिकाणच दुसऱ्या दिवशी पहिलं काढायचं. एकाच आराखड्यावर पंधरा गोष्टी कोंबण्यापेक्षा प्रत्येक विषयाला वेगळा आराखडा घ्या, झेरॉक्सला फार पैसे लागत नाहीत.

समोच्च रेषा, म्हणजे नकाशावर सारख्या उंचीच्या जागा जोडणाऱ्या रेषा, अडत असतील तर स्वयंपाकघरात सोडवा. बटाटा उभा अर्धा कापा, सपाट बाजू खाली ठेवा आणि आडव्या चकत्या करा. खालची चकती कागदावर ठेवून कडेने पेन्सिल फिरवा, मग तिच्या जागी वरची, मग तिच्या वरची. जिथे रेषा जवळजवळ येतात तिथे बटाट्याचा उतार तीव्र आहे हे हाताला कळतं. मग 1:50,000 प्रमाणाचा स्थलदर्शक नकाशा मिळवून दाखवा. त्यावर 2 सेंटिमीटर म्हणजे जमिनीवरचा 1 किलोमीटर. सह्याद्रीच्या पश्चिम कड्यावर रेषा एकमेकींना चिकटलेल्या दिसतील, आणि पोफळीचं वीजघर तिथे का, हे ती स्वतःच बोट ठेवून सांगेल.

अक्षांश-रेखांशांचंही तसंच. मे महिन्याच्या 8-9 तारखेला कराडला मध्यान्ही सूर्य बरोबर डोक्यावर येतो आणि उभ्या काठीची सावली नाहीशी होते. अंगणात काठी रोवून तिला बघू द्या. बाराला बघितलं तर सावली असेलच. मध्यान्ह कराडला साडेबाराच्या सुमारास होते. का? भारताची प्रमाणवेळ 82°30' पूर्व रेखांशाची, कराड 74° पूर्वेच्या जवळ. एका अंशाला 4 मिनिटं, करा गुणाकार. मुंबईचा फरक 39 मिनिटांचा येतो, आणि 1955 पर्यंत मुंबईत बरीच घड्याळं खरोखरच त्या जुन्या "मुंबई टाइम"वर चालायची. लेक गणितात चांगली आहे ना? मग हा भाग तिचा हक्काचा आहे, तिथूनच तिची भूगोलाशी मैत्री होईल.

उपयोगाबद्दल तुम्ही "खरं सांगा" असं लिहिलंय, म्हणून खरं सांगते. दर पावसाळ्यात तुमच्या घरी बातम्यांत "कोयनेतून इतके हजार क्युसेक विसर्ग" असं ऐकू येतं. क्युसेक म्हणजे सेकंदाला एक घनफूट, सुमारे 28 लिटर. धरणाची क्षमता 105 टीएमसी. 2019 च्या ऑगस्टमध्ये सांगलीला आयर्विन पुलापाशी पाणी 57 फुटांवर गेलं, धोक्याची पातळी 45 फुटांची. तेव्हा कोणत्या नदीचं पाणी कुठे मिळतं आणि सांगलीपर्यंत पोहोचायला किती वेळ लागतो, हे ज्यांना कळत होतं त्यांनी जनावरं आणि धान्य आधीच वर हलवलं. नकाशा वाचता येणारं घर आणि न येणारं घर यांतला फरक मी त्या आठवड्यात नात्यागोत्यात पाहिला आहे. जमीन घेताना, घर बांधताना, विहीर पाडताना हेच ज्ञान लागतं. करिअरचं म्हणाल तर एमपीएससी-यूपीएससीला भूगोल टाळता येत नाही. शिवाय जीआयएस (संगणकावर नकाशे आणि माहिती जोडण्याचं तंत्र), उपग्रहचित्रांचं वाचन, नगररचना, आपत्ती व्यवस्थापन, पाणलोट विकास या सगळ्यांच्या मुळाशी तो आहे. अनेक कनिष्ठ महाविद्यालयांत विज्ञान शाखेतही हा विषय घेता येतो, गणित चांगलं असलेल्या मुलीने तो विचार जरूर करावा.

वेळेचं सांगायचं तर रोज दहा मिनिटं नकाशा, आणि आठवड्यातून दोनदा पाऊण-पाऊण तास धडा. धडा वाचताना आधी त्यातले नकाशे आणि आलेख बघायचे, मजकूर नंतर. सहामाहीनंतर दर आठवड्याला एक जुनी प्रश्नपत्रिका घड्याळ लावून, दोन तासांत. एवढं झालं तर 40 पैकी 35 च्या पुढे जायला तिला अडचण येऊ नये.

क्लास लावू नका. तिथे मिळणाऱ्या नोट्स म्हणजे पुन्हा तीच डब्यांची रांग. गाईड घरात असेल तर असू दे, पण कारणांचं उत्तर आधी तिने स्वतः लिहावं आणि मगच उघडून पडताळावं. क्लासच्या फीऐवजी एक चांगला मराठी अॅटलास घ्या. मागे गावांची आणि नद्यांची सूची असलेला बघून घ्या, आणि घरात तो कपाटात न ठेवता टीव्हीजवळ ठेवा, म्हणजे बातमीत एखादं नाव आलं की लगेच शोधता येईल. सुरुवातीला शोधायला तुम्हीही तिच्याबरोबर बसा, ताई.